पहिल्या ओळीतली हजेरी

पहिल्या उमेदवाराने मुलाखत दिलीच नाही. कार्यालयात आला, अर्धा तास बसला, चहा घेतला आणि कुणाला काही न सांगता निघून गेला. चार दिवसांनी त्याचं पत्र आलं. ‘संचालकपदावर अधिकारी कार्यरत असताना जाहिरात देऊन उमेदवारांना लांबून बोलावणे योग्य नव्हे,’ असं त्यात लिहिलं होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं, आवक नोंदवहीत चढवलं आणि मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावले. सोलापूरहून एवढा प्रवास करून आलेला माणूस असं काहीतरी लिहितो, याला काय म्हणायचं.

मी विजयश्री ओव्हाळ. शहर वाचनालय मंडळात आस्थापना विभाग बघते, म्हणजे नेमणुका, बदल्या, रजा आणि हजेरी. अठ्ठावीस वर्षं झाली. मंडळाच्या अकरा शाखा आहेत, निगडीपासून सांगवीपर्यंत, आणि पार तिकडे चाकणला एक. मुख्य कार्यालय आकुर्डीत, मध्यवर्ती वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. उशिरा आलेल्याला मी ‘उशिरा आलात’ एवढंच म्हणते, त्यात तापट काय ते मला अजून कळलेलं नाही.

आमचे संचालक यशवंतराव कुदळे गेल्या एप्रिलात वारले. त्यानंतर दहा महिने नुसत्या बैठका झाल्या. फेब्रुवारीत आमचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी मला समोर बसवून सांगितलं, “ओव्हाळबाई, एकतीस मार्चपर्यंत संचालक मिळाला तर ठीक. नाहीतर सगळ्या शाखा त्या एजन्सीला चालवायला देऊन टाकू. मला या वयात रोजची कटकट झेपत नाही.”

एजन्सी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. अकराच्या अकरा ठिकाणी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका निघणार होत्या. टेबलं राहणार, दिवे राहणार, वर एसी बसणार, आणि पुस्तकं रद्दीत जाणार. आमच्या भोसरी शाखेत सकाळी सातला रात्रपाळी सुटलेले लोक येतात. पेपर उघडतात आणि दोन मिनिटांत त्याच्यावरच मान टाकून झोपतात. घरी एक खोली, त्यात पोरं उठलेली असतात, तिथे झोप मिळत नाही. त्यांना उठवायचं नाही असा यशवंतरावांचा नियम होता. एजन्सी पहिल्याच दिवशी उठवणार होती. वडील कंपनीतून आल्यावर याच वाचनालयाच्या कोपऱ्यात बसायचे, त्यांच्या शेजारी बसून मी वाचायला शिकले. त्यामुळे संचालक मिळवणं हे माझं नुसतं काम नव्हतं.

दुसरा उमेदवार समर्थ नावाचा होता. चाळिशीचा, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. पुस्तकांचं खरंखुरं वेड असलेला माणूस. नोकरी का सोडताय असं विचारलं तर म्हणाला, आयुष्यातली सहा वर्षं कॅबमध्ये गेली मॅडम, उरलेली पुस्तकांत जावीत. मला आवडला. म्हटलं, हा घ्यायचाच.

मुलाखतीआधी उमेदवाराला आम्ही सूचीच्या खोलीत बसवतो. तिथे पुस्तकांच्या जुन्या सूचीकार्डांची लाकडी कपाटं आहेत, प्रत्येक खणाला पितळेची कडी. त्याच खोलीतून संचालकांच्या केबिनला दार आहे. यशवंतराव गेल्यापासून ते कुलूपबंद होतं.

समर्थ आत आला, समितीपुढे बसला आणि अण्णासाहेबांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत म्हणाला, “सर, आधी मीच एक विचारू का? आतले साहेब कधी निवृत्त होतायत?”

“आतले कोण?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“केबिनमधले. त्यांनीच बोलावलं मला. छान बोलले. चाकणच्या शाखेत उत्तर भारतातली मुलं खूप येतात, त्यांच्यासाठी काय कराल, असं विचारलं. मी सांगितलं ते लिहूनही घेतलं. मग म्हणाले, तुम्ही चांगले आहात, पण जागा रिकामी नाही.”

समितीतला एक जण हसला. अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कुणीतरी कर्मचारी चावटपणा करतोय. संचालक येऊ नये असं वाटणारे आमच्याकडे दोन-तीन आहेत. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “दिसायला कसे होते ते?”

“साठीच्या पुढचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. आणि डावा हात...” समर्थने आपला हात वर धरला आणि शेवटची दोन बोटं दुमडली. “ही दोन नव्हती. पण पानं त्याच हाताने उलटत होते.”

यशवंतराव माण तालुक्यातून पोटासाठी आले, भोसरीतल्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागले आणि चोविसाव्या वर्षी त्या प्रेसखाली दोन बोटं गेली. मग युनियनच्या वाचनालयात बसायला लागले, तिथेच शिकले आणि तिथून संचालक झाले. त्यांचा तो हात कुणीही एकदा बघितला की विसरत नसे. पण समर्थने तो बघितला असण्याचं काही कारणच नव्हतं.

समर्थला नंतर नेमणुकीचं पत्र पाठवलं. त्याने नम्रपणे नाही म्हणून कळवलं. भरलेल्या जागेवर मी येणार नाही, लिहिलं होतं.

आता मी एक गोष्ट सांगून टाकते. ती लपवून पुढचं सांगता येणार नाही.

आमच्याकडे थम्बचं मशीन आलं होतं, ते बंद पडलं आणि पुन्हा मस्टर सुरू झालं. हे मस्टर यशवंतरावांनी स्वतः आखून घेतलेलं आहे. रोजचं एक पान, सगळ्यांची नावं, आणि पुढे दोन भाग. येण्याची वेळ आणि सही, जाण्याची वेळ आणि सही. बहुतेक कार्यालयांत जाण्याची वेळ कुणी विचारत नाही. ते विचारायचे. म्हणायचे, येण्याची वेळ मालकासाठी लिहायची, जाण्याची घरच्यांसाठी. संध्याकाळी पावणेसहाला मी मस्टर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. ते सगळ्यांच्या जाण्याच्या वेळा बघायचे, शेवटी आपली लिहायचे, सही करायचे. मग उठून सूचीच्या खोलीतून जाताना खणांच्या कड्यांवरून त्या अर्ध्या हाताची बोटं फिरवत जायचे. कड्या खुळखुळल्या की साहेब निघाले हे सगळ्यांना कळायचं. माझ्या टेबलापाशी थांबून रोज एकच वाक्य म्हणायचे, “चला, निघतो. तूही वेळेत निघ.”

ते गेले त्या दिवशी मी फाईल घेऊन आत गेले तेव्हा घड्याळात तीन वीस झाले होते. उघड्या पुस्तकावर हात ठेवून ते खुर्चीत बसले होते. दोन हाका मारल्या आणि कळलं. नंतर डॉक्टर आले, त्यांचा मुलगा आला, चौघांनी त्यांना जिन्यावरून खाली नेलं. संध्याकाळी मस्टर मिटायला घेतलं. पहिल्या ओळीत त्यांच्याच अक्षरात येण्याची वेळ होती, ९.०५, आणि सही. पुढचा भाग कोरा. तिथे मी काय लिहिणार होते? मी वही तशीच मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावं लिहायला बसले आणि हात सवयीने त्यांचंच नाव लिहून गेला. खोडलं नाही. नाव कमी करायला कार्यमुक्तीचा आदेश लागतो. तो अण्णासाहेबांनी काढला नव्हता आणि मी मागितला नव्हता. सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली ओळ कोरी दिसत होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं, ९.०५. म्हटलं, आजच्या दिवस. सही मात्र केली नाही, तेवढं इमान राखलं.

मग तो आजचा दिवस रोजच येत गेला. कुणी काही बोललं नाही. ते मानद संचालक होते, मंडळाचं काही घेत नव्हते, त्यामुळे त्या ओळीशी कुणाचं देणंघेणं नव्हतं. मला मात्र सकाळी ते ९.०५ लिहिल्याशिवाय दिवस सुरू झाला असं वाटत नसे. खरं सांगायचं तर त्यांचं नाव खोडायची मला भीती वाटत होती. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर मला कुणी ‘वेळेत निघ’ म्हणालं असेल तर ते यशवंतराव.

समर्थ गेल्यावर मी बबनरावांना केबिनची चावी मागितली. बबनराव आमचे सर्वात जुने शिपाई. मूळचे इथलेच, गावठाणातले. चावी देताना त्यांनी नजर चुकवली. मी कुलूप उघडलं. आत वर्षभराची धूळ असेल असं मला वाटलं होतं, पण टेबल स्वच्छ होतं. आवकच्या ट्रेमध्ये परिपत्रकं होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने एक बारीक टिंब होतं. वाचलेल्या कागदावर यशवंतराव तसं टिंब द्यायचे. टेबलाच्या कडेला चहाचा कप होता. रिकामा, तळाला ओलसर चोथा.

“बबनराव, हा कप कुणाचा?”

“सायबांचा,” ते म्हणाले.

“कुठल्या साहेबांचा?”

“आता सायब म्हंजी कुठलं असत्यात, मॅडम. तुमी रोज सकाळी हजेरी लावता. हजेरी लागली म्हणल्यावर चा द्याया नगं? म्या ठिवतो. कागुद बी ठिवतो.”

“आणि तो पितं कोण?”

बबनरावांनी कप उचलला. “त्ये म्या कशापायी बघू. सांजच्याला कप रिकामा असतो, इसळून ठिवतो. साखर कमी पडली तर ऱ्हातो थोडा.”

मी केबिनला कुलूप लावलं. बबनरावांवर ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? माणसाने मस्टर बघून काम केलं होतं. आमच्या कार्यालयात मस्टरवर जो हजर, तो हजर. हा नियम मीच सगळ्यांना शिकवला होता.

त्या रविवारी मी सांगवीला कस्तुराकाकूंकडे गेले. यशवंतरावांच्या पत्नी. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, भेटायला जायचंच होतं. मनात दुसरंही होतं, ते विचारायचा धीर होत नव्हता. काकूंनीच तो विषय काढला.

“विजू, तुझ्या सपनात येत्यात का गं?”

“नाही, काकू.”

“माझ्याबी न्हाई. कुनाच्याच न्हाई. शेजारच्या बाईचा नवरा तिसऱ्या दिशी येऊन चष्मा मागून गेला म्हनती. ह्ये मातूर घराकडं फिरकलंच न्हाईत.” काकू ओट्याकडे बघत होत्या. तिथे दुपारचं एक ताट झाकून ठेवलेलं होतं. “आन् कावळा बी शिवला न्हाई. तुला ठावं हायच.”

मला ठाऊक होतं. दहाव्याला नदीच्या घाटावर मी होते. आमच्यात हे नसतं, पण मी गेले होते. पिंड ठेवला, समोरच्या झाडावर पंधरा-वीस कावळे, आणि एकही खाली उतरेना. मुलाने शब्द दिला, आईला सांभाळेन. अण्णासाहेबांनी हात जोडून शब्द दिला, वाचनालयं बंद पडू देणार नाही. उन्हात बारा वाजले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे मुकाट्याने घरी गेले.

काकूंच्या घरी चहाचा कप हातात असताना मला आठवलं की त्या दिवशी घाटावर जाण्याआधी मी कार्यालयात गेले होते. पाच मिनिटांसाठी. मस्टरवर ९.०५ लिहायला.

मी काकूंना काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. घरी येऊन ठरवलं की उद्यापासून ते नाव लिहायचं नाही, आणि सोमवारी सकाळी पान उघडलं तेव्हा पुन्हा लिहिलं. यात काही शहाणपणा नव्हता. आहेत म्हणतात सगळे, तर असू देत, असा एक हट्टी विचार मनात आला होता. ते आत आहेत, चहा घेतात, कागद वाचतात. आपण का घालवायचं?

शेवटची मुलाखत चोवीस मार्चला होती. तोवर अण्णासाहेबांनी एजन्सीच्या माणसाला एकदा बोलावून शाखा दाखवूनही टाकल्या होत्या. त्याने भोसरीत पेपरवर झोपलेल्या लोकांचे मोबाइलवर फोटो काढले, तेव्हा मी तिथेच होते.

ही उमेदवार म्हणजे रुपाली. चाकणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, वय एक्केचाळीस, आईवडील लातूरकडचे. तिला सूचीच्या खोलीत बसवायचंच नाही असं मी ठरवलं होतं. माझ्याच टेबलासमोर बसवलं. पण मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अण्णासाहेब अडकले, वेळ गेला, मी फोन घ्यायला उठले आणि परत आले तर खुर्ची रिकामी होती. सूचीच्या खोलीत बघितलं. ती केबिनच्या दारातून बाहेर येत होती. दाराचं कुलूप माझ्या डोळ्यांसमोर कडीला लटकत होतं, उघडं. चावी माझ्या पर्समध्ये होती.

“मॅडम, सॉरी,” रुपाली म्हणाली. “सरांनी हाक मारली म्हणून गेले.”

मी तिला खुर्चीत बसवलं. तिला घाम आला नव्हता, ती घाबरलीही नव्हती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, “काय म्हणाले? जागा रिकामी नाही म्हणाले?”

“हो. पण...” ती जरा अडखळली. “त्यांची तब्येत बरी नाही का? खूप दमलेले वाटले. मी विचारलं, सर, तुम्ही कधी निवृत्त होणार? तर म्हणाले, मला घरी जायचंय, वर्ष होत आलं, घरी गेलो नाही. मला वाटलं गंमत करतायत. मी म्हटलं, मग जा ना सर. तर म्हणाले, जाण्याची वेळ लिहिल्याशिवाय कसा जाऊ. मस्टर विजयश्रीकडे आहे. ती संध्याकाळी आणतच नाही.”

मी टेबलावरचं मस्टर मिटलं.

“विजयश्री म्हणजे तुम्हीच ना?” रुपालीने विचारलं.

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मला वाटत होतं मी त्यांना जपतेय. मी एका दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला अकरा महिने ड्युटीवर बसवून ठेवलं होतं. रोज सकाळी आत घेत होते आणि संध्याकाळी बाहेर सोडत नव्हते. ज्या माणसाने आम्हा कुणाला कधी पाच मिनिटं जादा थांबू दिलं नाही, त्याला.

मी रुपालीला बसायला सांगितलं आणि कपाट उघडलं. गेल्या एप्रिलची वही सर्वात खाली होती. ते पान शोधायला लागलं नाही, वही तिथेच उघडली. पहिल्या ओळीत त्यांची सही, ९.०५, आणि पुढे तो कोरा भाग. पेन घेतलं आणि लिहायला हात उठेना. मला त्यांना सोडायचं नव्हतं. हे कुणाला सांगायची गोष्ट नाही, पण खरी आहे. अकरा शाखा, भोसरीचे झोपलेले लोक, काकूंचं झाकलेलं ताट, सगळं माहीत असूनही मी पाच मिनिटं तशीच बसले होते.

मग जाण्याच्या वेळेत लिहिलं, ३.२०.

सहीचा भाग मी भरणं बरोबर नव्हतं. वही उचलली आणि केबिनमध्ये गेले. आत कुणी दिसत नव्हतं. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं, उघडं दार बघून बबनरावांनी ठेवलेल्या कपातून वाफ येत होती. मी वही त्या पानावर उघडून नेहमीच्या जागी ठेवली, शेजारी हिरवं पेन ठेवलं आणि नेहमी म्हणायचे तेच म्हटलं, “साहेब, मस्टर.” दार लोटून माझ्या टेबलाशी येऊन बसले.

रुपाली माझ्याकडे बघत होती. खाली रस्त्यावर कंपनीच्या बस पहिल्या पाळीची माणसं घेऊन चालल्या होत्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतली खुर्ची मागे सरकली. आणि सूचीच्या खोलीतल्या कड्या खुळखुळायला लागल्या, एकामागून एक, दारापासून इकडे, सावकाश. रुपालीने मान वळवून बघितलं. मी बघितलं नाही. कड्या थांबल्या. माझ्या टेबलापाशी कुणीतरी उभं होतं. मी मान खाली घालून बसले होते. ते वाक्य येईल म्हणून वाट बघत होते, पण आलं नाही. जिन्यावर चपलांचा आवाज झाला, एक मजला, मग दुसरा, आणि मग नुसती रहदारी.

बबनराव पाण्याचा जग घेऊन दारात उभे होते. त्यांनी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “सायब गेलं?”

“हो,” मी म्हटलं. “गेले.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि कप आणायला आत गेले. कप अर्धा भरलेला होता. वहीत सहीच्या जागी हिरवी सही होती, शाई ओली. बबनरावांनी ती माझ्याआधी बघितली आणि वही उघडीच ठेवली, डाग पडू नये म्हणून.

अण्णासाहेब अर्ध्या तासाने आले. मुलाखत झाली. रुपालीने चाकणच्या मुलांबद्दल सांगितलं, भोसरीच्या झोपणाऱ्यांना उशा देता येतील का, असं विचारलं, तेव्हा अण्णासाहेब पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. ती होकार देईल का, याची मला धाकधूक होती. शेवटी तिने विचारलं, “जागा आता रिकामी आहे ना?” अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, आजपासून.

मग मी अण्णासाहेबांना मस्टरचं सगळं सांगितलं. बाकीचं नाही, मस्टरचं. मृत व्यक्तीची खोटी हजेरी लावल्याबद्दल मला मेमो मिळाला, अठ्ठावीस वर्षांतला पहिला. मी तो माझ्याच आवक नोंदवहीत चढवला आणि माझ्याच वैयक्तिक फाईलला लावला. पुढचे चार दिवस लाल शाई घेऊन प्रत्येक पानावरची पहिली ओळ खोडत बसले. खोडताना रडले, हे कबूल करते. रुपाली तीस मार्चला रुजू झाली. एजन्सीला नाही म्हणून कळवलं.

पंचवीस तारखेला सकाळी सात वाजताच काकूंचा फोन आला होता. मी भाजी फोडणीला टाकत होते.

“विजू, काल आलं गं,” काकू म्हणाल्या. “सपनात. चपला काढल्या, हातपाय धुतलं, ताटावर बसलं. म्या म्हनलं, येवढा उशीर? तर म्हनलं, आज सोडलं विजूनं. पोटभर जेवलं बघ.”

“बरं झालं, काकू.”

“आन् तुला निरोप दिलाय. म्हनलं, तिला सांगायचं ऱ्हायलं. वेळेत निघत जा म्हनावं.”

भाजी करपली त्या दिवशी.

आता रोज पावणेसहाला मी मस्टर घेऊन रुपालीच्या दारात उभी राहते. ती वाचत असते. “एवढं पान होऊ दे,” म्हणते. मी म्हणते, “पान राहू दे मॅडम, आधी वेळ लिहा.” ती हसते आणि लिहिते. तिला वाटतं मी शिस्तीची आहे. परवा तिने विचारलं, “आणि तुमची जाण्याची वेळ कोण बघतं?” मी म्हटलं, बबनराव बघतात. ते खोटं आहे. माझी वेळ मीच लिहिते, सही करते, कपाटाला कुलूप लावते, जिन्याच्या चार पायऱ्या उतरते आणि परत वर येऊन वही उघडून एकदा बघून जाते.